भंगारात सापडलेलं दरबारी पत्र : हातात आल्यावर काय कराल?

कवठे महांकाळ, देशिंग, रांजणी, ढालगाव या पट्ट्यातला एखादा जुना वाडा उतरवला की आधी सागवान विकलं जातं, मग तांब्या-पितळेची भांडी, आणि शेवटी कुणाच्याच कामाचे नसलेले कागद. रुमालात बांधलेली बाडं रद्दीच्या भावानं भंगारवाल्याकडे जातात. तिथून काही मिरजेच्या, कोल्हापूरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत पोहोचतात, तर काही थेट पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. तिथं कपबश्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी एक लांबट, पिवळसर कागद पसरलेला असतो. वर काळा शिक्का, खाली एकमेकींत गुंतलेल्या वळणांच्या ओळी. विकणारा सांगतो, “राजाचं पत्र आहे, साहेब.” तुम्ही घासाघीस करून ते घेता आणि घरी येता. पुढं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

२०२३ पासून असे प्रश्न जास्तच येऊ लागले आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली आणि माळ्यावरच्या गाठोड्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. प्रश्न ठरलेले असतात : हे खरं आहे का? किती जुनं? वाचून कोण देईल? घरात ठेवणं गुन्हा तर नाही ना? किती पैसे येतील? यांतला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न आहे, ‘हा कागद कुठून आला?’ आणि त्याचं उत्तर फक्त खरेदीच्या दिवशी मिळतं. महिन्याभरानं परत गेलात तर विक्रेत्याला तुम्हीही आठवणार नाही आणि कागदही.

पहिल्या दिवशी काय कराल

कागद नुसता बघा, हाताळू नका. वही काढा आणि लिहा :

- कुठल्या बाजारात, कुठल्या तारखेला, कितीला घेतला. पावती मिळत असेल तर जरूर घ्या. साध्या चिठ्ठीवर लिहून घेतलेलं चालेल.
- विक्रेत्यानं तो कुठून आणला. “सांगलीकडचा माल आहे” इतकं कळलं तरी पुष्कळ. गावाचं किंवा वाड्याचं नाव सांगितलं तर त्याच्याच शब्दांत टिपा.
- त्याच्यासोबत आणखी काय होतं : दुसरे कागद, बांधलेलं फडकं, दोरा, पाकीट, वहीचं पुठ्ठं.
- कागदाच्या घड्या कशा होत्या, कुठली बाजू आत होती.

आता एक आग्रहाचं सांगणं. त्याच ढिगात त्याच हाताचे, त्याच कागदाचे आणखी तुकडे असतील, तर तेही घ्या. गिऱ्हाईक शिक्का असलेला एक कागद उचलतं आणि धान्याच्या हिशेबाचे, उसनवारीचे, मजुरीच्या याद्यांचे वीस कागद तिथंच सोडतं. पत्रातला ‘राजश्री आप्पा’ कोण, हे बहुतेक वेळा त्या हिशेबाच्या कागदातूनच उलगडतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढं गावोगाव हिंडून बावीस खंड उभे केले. त्यांचा सगळा जीव दफ्तरावर होता, सुट्या पानावर नव्हता. एका घराण्याचं दफ्तर फुटून दहा जणांच्या दिवाणखान्यात फ्रेम होऊन लटकलं, की त्याचं दफ्तरपण संपतं.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. आधी पूर्ण पान, मग तुकड्या-तुकड्यानं, शेजारी मोजपट्टी ठेवून. मागच्या बाजूचे फोटो हमखास घ्या, कारण पोचल्याची तारीख, जोडावरचे शिक्के, दफ्तरातल्या खुणा पाठीवर असतात. तिथं काहीच दिसत नसेल तर कोऱ्या पाठीचाही फोटो असू द्या.

हे अजिबात करू नका

- लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही आणि आतल्या आत कागद कुजतो.
- सेलोटेप, फेव्हिकॉल लावू नका; इस्त्री फिरवू नका; मागं पुठ्ठा चिकटवू नका.
- ओल्या फडक्यानं पुसू नका. जुनी शाई म्हणजे काजळी आणि डिंक. उन्हानं ती उडत नाही, पण पाण्यानं पसरते.
- कडक झालेली घडी ओढून उघडू नका.
- बॉलपेननं नोंद करू नका. क्रमांक टाकायचाच असेल तर मागं कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं.

आम्लमुक्त कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम. नाही तर धुऊन खळ काढलेलं पांढरं मांजरपाट घ्या आणि कागद सपाट गुंडाळून कोरड्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवा. आपल्या पूर्वजांचे रुमाल याहून वेगळे नव्हते. पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून बघा. कसर आणि वाळवी सुट्टी घेत नाहीत.

आपल्या भागातला कागद कुणाच्या दरबारचा असू शकतो

‘राजा’ म्हटलं की सगळ्यांच्या मनात रायगड किंवा सातारा येतो. कवठे महांकाळचा परिसर मात्र अनेक सत्तांच्या शेजेला होता आणि तुमचा कागद त्यांपैकी कुणाचाही असू शकतो.

सर्वात जुना थर विजापूरच्या आदिलशाहीचा. ही सत्ता १६८६ मध्ये संपली. त्या काळच्या काही कागदांत वर फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी, असा जोडमजकूर असतो. फारसी बघून “हे आपलं नाही” म्हणून टाकून देणारे लोक आहेत, त्यांच्यात जाऊ नका. जतच्या बाजूनं आलेल्या बाडात कानडी कागदही निघतात.

त्यानंतर सातारकर छत्रपती आणि पुण्याचे पेशवे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, साताऱ्याची गादी इंग्रजांच्या छत्राखाली राहिली, १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं गेलं आणि १८४८ मध्ये शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर राज्य खालसा झालं. त्यामुळं ‘सातारा दरबार’ म्हणजे नक्की कुठला काळ, हे तारखेशिवाय सांगता येत नाही.

पण या भागात मिळणाऱ्या कागदांत सर्वांत जास्त शक्यता पटवर्धनांची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिरज त्यांच्याकडे होती. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगली वेगळी केली. १८२० मध्ये मिरजेच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या. तासगावची शाखा १८४८ मध्ये वारसाअभावी खालसा झाली. सांगली संस्थानाच्या सहा तालुक्यांत एक कुची होता, आज आपल्याच तालुक्यातलं गाव. पूर्वेला जतचे डफळे, उत्तरेला आटपाडीकडं औंधचे पंतप्रतिनिधी. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या चालीत मालक बदलायचा.

इथं एक व्यवहाराची अडचण येते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जन्मला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी, १९४८ मध्ये, संस्थानं विलीन झाली होती. म्हणून अभिलेखागारात आणि ग्रंथालयात ‘सांगली जिल्हा’ एवढंच शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. सातारा, मिरज प्रांत, संस्थान सांगली, कर्यात, परगणा अशा जुन्या नावांनी शोधा.

आणि मन थोडं घट्ट करा. ‘राजाचं पत्र’ म्हणून घेतलेल्या कागदांत कर्जरोखे, भाडेचिठ्ठ्या, मामलेदाराकडचे अर्ज आणि संस्थानी स्टँपपेपरवरची खरेदीखतंच जास्त निघतात. वर छापील राजचिन्ह असलेला स्टँपपेपर दिसला की तो दरबारातून आला असं वाटतं. प्रत्यक्षात तो कुणीतरी कोर्टाच्या आवारात विकत घेतलेला असतो. तरी तो फेकू नका. शंभर वर्षांपूर्वीचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा वाद गावाला एखाद्या सनदेहून जास्त काही सांगून जातो.

पत्राची ठेवण ओळखा

मोडी येत नसली तरी कागदाची रचना डोळ्यांनी ओळखता येते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग बोरूनं खाली अक्षरं लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत.

- माथा : मध्यभागी ‘श्री’ किंवा कुलदैवताचं नाव. त्याखाली मायना, म्हणजे कुणी कुणाला, कुठल्या मानानं लिहिलं. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ ही बिरुदावली दिसली की हुरळून जाऊ नका. साध्या अधिकाऱ्यालाही ती लावत.
- नातं : ‘आज्ञा’ वरून खाली जाते, ‘विनंती’ खालून वर. ‘आशीर्वाद’, ‘नमस्कार’, ‘दंडवत’, ‘रामराम’, ‘जोहार’ यांतून दोघांची पायरी, वय आणि जातही कळते.
- मजकूर : क्षेमकुशल झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द आला की खरं काम सुरू होतं. वाचून घ्यायला पैसे मोजणार असाल तर आधी तिथपासूनचं वाचून घ्या.
- शेवट : तारीख, ‘बहुत काय लिहिणें’, आणि अधिकृत कागद असेल तर मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा छोटा शिक्का. मोर्तबाच्या खाली वेगळ्या हातानं काही लिहिलेलं असेल तर तिथं थांबा आणि जाणकाराला विचारा.
- पाठ : लांब कागद अनेक ताव चिकटवून केलेला असेल तर जोडावर मागून शिक्के असतात. मधला ताव बदलला जाऊ नये म्हणून ती सोय.

शिक्क्यावरून पत्र पाठवणाऱ्याचं नाव ठरवताना गडबड होते. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असं छत्रपतींचं नाव येतं आणि मग ‘मुख्य प्रधान’ म्हणून पेशव्यांचं. पहिली ओळ वाचून “शाहू महाराजांचं पत्र” म्हणून पेढे वाटू नका.

तारीख काढायला शिका

वाचक सर्वांत जास्त अडखळतात ते इथं, आणि खरं म्हणजे सर्वांत लवकर शिकता येण्यासारखं हेच आहे. पेशवाईतल्या कागदावर बहुधा दोन गोष्टी असतात : ‘छ’ या अक्षरापुढं चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना (मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज), आणि ‘सु॥’ पुढं सुहूर सन. हा सन अंकांत लिहिण्याऐवजी अरबी आकडे शब्दांत लिहीत, तेही एकंपासून उलटे. हे तोंडपाठच करा :

- एकं : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९.
- दहं : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०.
- पुढं : मया १००, मयातैन २००, अलफ १०००.

आता ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलं असेल तर १ + ६० + १०० + १०००, म्हणजे सुहूर ११६१. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. ती याच सुहूर वर्षात येते. हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकीच्यांचा ताळा त्यावरून घेता येईल.

फसगत कुठं होते, तेही बघा. ‘सितैन’ आणि ‘तिसैन’ यांत फक्त दोन अक्षरांची अदलाबदल आहे. ‘समान तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९८, इसवी १७९७-९८. तेच ‘समान सितैन’ वाचलं की ११६८, इसवी १७६७-६८. एका घाईनं तीस वर्षं इकडची तिकडं होतात आणि नानासाहेब पेशव्यांच्या मुलाच्या काळातलं पत्र पुतण्याच्या काळात जातं, किंवा उलट. तसंच ‘सबा’ हा आकडा आणि ‘साबान’ हा महिना. म्हणून तारीख एकट्यानं कधीच खरी मानू नका. पत्रातली माणसं तेव्हा हयात होती का, हे ताडून बघा. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले, नाना फडणवीस १३ मार्च १८०० ला वारले. १८०५ च्या कागदात यांपैकी कुणी हुकूम सोडत असेल तर तारीख तरी चुकली आहे नाही तर कागद तरी.

इतर कालगणना थोडक्यात : शकात ७८ मिळवा, दख्खनी फसलीत ५९०, राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. ‘माहे जानेवारी’, ‘सन १८५२ इसवी’ असं दिसलं की कागद इंग्रजी अमलातला. दिवस नक्की करायला जंत्री लागते : शिवकालासाठी खरे जंत्री, पेशवाईसाठी मोडक जंत्री. चंद्रदर्शनामुळं एखाद्या दिवसाचा फरक राहतो, त्याचं दडपण घेऊ नका. पाठीवर ‘पै॥’ पुढं दुसरी तारीख असेल तर ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख मिळाली की पत्र किती दिवस वाटेत होतं तेही कळतं, आणि मला तरी त्यात मजकुराहून जास्त रस वाटतो.

अस्सल, नक्कल की बनावट?

‘नक्कल’ आणि ‘बनावट’ एक नव्हे. जुन्या काळी महत्त्वाच्या सनदांच्या नकला करून ठेवत. १८५२ नंतर इनाम कमिशनपुढं हक्क सिद्ध करायची पाळी आली तेव्हा तर घरोघर नकला निघाल्या. काही ठिकाणी सनदाही ‘तयार’ झाल्या. म्हणून सतराव्या शतकातली तारीख आणि एकोणिसाव्या शतकातला कागद असा मेळ दिसला तर घाबरू नका. ती प्रामाणिक नक्कलही असू शकते. माथ्यावर ‘नक्कल’ किंवा ‘असल बरहुकूम’ अशी नोंद आहे का ते पाहा.

कागद उजेडासमोर धरा. विलायती कागदात जलचिन्ह असतं, कधी कधी त्यात साल असतं. जलचिन्हात १८३० असेल तर त्यावर १७६० मध्ये कुणी लिहू शकत नाही. जुना देशी हातकागद घोटून गुळगुळीत केलेला असतो, त्यात लगद्याचे तंतू दिसतात.

हल्ली बाजारात खुशाल बनावट मालही येतो. चहात बुडवून पिवळा केलेला, कडा जाळलेला कागद, शब्दांत छान जागा सोडलेली देवनागरी, सोनेरी शिक्का, आणि शिवाजी महाराजांची सही. जळलेल्या कडा पाहिल्या की तिथंच परत ठेवा, कारण दफ्तरं जळतात तेव्हा इतकी सुबक जळत नाहीत. प्रसिद्ध पत्रांच्या छापील प्रतिकृतीही फ्रेममधून बाहेर पडून ‘अस्सल’ होतात. भिंगातून शाई बघा. बारीक ठिपके दिसले तर ती छपाई.

वाचून कुणाकडून घ्याल

मोबाइलवरच्या कुठल्याही सोयीवर हस्तलिखित मोडीसाठी विसंबू नका. माणूसच लागतो. पर्याय असे :

- पुराभिलेख संचालनालय : राज्य शासनाचा हा विभाग पुणे आणि कोल्हापूर इथंही अभिलेखागार चालवतो. कवठ्याहून कोल्हापूर सोयीचं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे. तुमच्या पत्राचं उत्तर किंवा जोडीदार तिथल्या रुमालात असू शकतो. जाताना ओळखपत्र आणि कागदाचे फोटो न्या, मूळ कागद नको.
- भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे : १९१० मध्ये राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी काढलेली संस्था. मोडी शिकवतात, ग्रंथालय मोठं आहे.
- मिरज इतिहास संशोधन मंडळ : पटवर्धनी कागदांसाठी जवळचं दार.
- शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर : इतिहास विभाग आणि ग्रंथालय.

खासगी मोडी वाचकाकडे गेलात तर दर पानावर आहे की ओळीवर, हे आधी ठरवा. त्याच्याकडून दोन गोष्टी स्वतंत्र मागा : अक्षरशः लिप्यंतर, म्हणजे मोडीची जशीच्या तशी देवनागरी, आणि मग आजच्या भाषेत सारांश. नुसता सारांश घेऊ नका. पुढं कुणी तज्ज्ञ बघणार असेल तर त्याला लिप्यंतर लागतं. न कळलेली जागा वाचकानं टिंबांनी मोकळी सोडली असेल तर तो वाचक चांगला. सगळं धडाधड वाचून दाखवणाऱ्याला दुसऱ्याकडून तपासून घ्या. “तुमच्या घराण्याचा फार मोठा उल्लेख आहे” असं पहिल्या मिनिटाला सांगणाऱ्यालाही.

स्वतः शिकायचं म्हणाल तर बाराखडी काही आठवड्यांत बसते. भाषा जास्त वेळ घेते, कारण निम्मे शब्द फारसीचे. त्यासाठी माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन यांचा ‘फार्सी-मराठी कोश’, य. न. केळकर यांचा ‘ऐतिहासिक शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा कोश हाताशी ठेवा. संशोधनाची पद्धत समजून घ्यायला ग. ह. खरे यांचं ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक आजही कामाला येतं.

छापील साधनांत शोध

लिप्यंतर हातात आलं की माणसांची आणि गावांची नावं वेगळ्या यादीत काढा आणि ती छापील खंडांच्या सूचीत शोधा. पटवर्धनी पत्र असेल तर पहिली धाव वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’कडे. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता या गृहस्थांनी पटवर्धनांचं दफ्तर वाचून भागांमागून भाग छापले. पेशव्यांशी संबंध असेल तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड. साताऱ्याचा धागा असेल तर द. ब. पारसनीस यांनी जमवलेला संग्रह; तो साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आहे.

तुमचं पत्र आधीच छापलेलं निघालं तर हिरमुसू नका, पण सावध व्हा. छापलेल्या पत्राचं मूळ कुठल्या संस्थेत असायला हवं होतं, ते तपासा. तिथं ते नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

कायदा काय म्हणतो

घरात जुनं पत्र ठेवणं गुन्हा नाही. बाकीचं नीट लक्षात घ्या.

- पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक मूल्याचा दस्तऐवज ७५ वर्षांचा झाला की ‘पुरावस्तू’ ठरतो. इतर वस्तूंना हीच मुदत १०० वर्षांची आहे.
- साध्या पत्राला नोंदणीची सक्ती नाही. चित्रं किंवा नक्षी असलेलं हस्तलिखित मात्र नोंदवावं लागतं. शंका आली तर पुरातत्त्व विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.
- पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून बॅगेत टाकणं हीदेखील निर्यातच, आणि शिक्षा किमान सहा महिन्यांची कैद, तीन वर्षांपर्यंत वाढू शकणारी. त्याला स्कॅन पाठवा.
- पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. ऑनलाइन लिलावात ‘दुर्मिळ राजपत्र’ टाकण्याआधी हे आठवा.
- कागदावर अभिलेखागाराचा, तहसील रेकॉर्ड रूमचा किंवा ग्रंथालयाचा शिक्का, नोंद क्रमांक किंवा खरवडलेली खूण असेल तर तो सरकारी किंवा संस्थेचा असू शकतो. त्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतं. आपणहून कळवणाऱ्याची बाजू सुरुवातीपासूनच बळकट असते.
- कागद बाजारातून न येता स्वतःच्या पडक्या वाड्याच्या जमिनीत किंवा भिंतीत हंड्यातून, नाण्यांसकट निघाला तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

आणखी दोन गैरसमज. “सनद मिळाली, आता जमीन मागता येईल का?” नाही. वैयक्तिक इनामं १९५२ च्या कायद्यानं गेली, परगणा आणि कुलकर्णी वतनं त्याआधी १९५० च्या कायद्यानं. बाजारात घेतलेल्या कागदानं दुसऱ्याच्या पूर्वजांचा हक्क तुमचा होत नाही. अपवाद म्हणून कागद एखाद्या देवळाच्या किंवा दर्ग्याच्या इनामाचा असेल तर त्याची प्रत त्या देवस्थानाला जरूर द्या. देवस्थान इनामांचे वाद आजही चालू आहेत आणि एखादी ओळ त्यांच्या उपयोगी पडू शकते. दुसरा प्रश्न जातीच्या दाखल्याचा. खासगी पत्रातल्या उल्लेखाला किती वजन द्यायचं हे पडताळणी समिती ठरवते, आणि त्या माणसाशी तुमचं नातं वंशावळीनं जोडून दाखवावं लागतं. बाजारातल्या पत्रानं ते नातं आपोआप जुळत नाही.

ठेवायचं, विकायचं की द्यायचं

ठेवणार असाल तर एक जाड पाकीट करा. त्यात पत्र, लिप्यंतर, पहिल्या दिवशीची वहीतली नोंद आणि पावती एकत्र ठेवा, आणि घरातल्या निदान एकाला ते काय आहे हे सांगा. नाही तर तुमच्या मागं ते पुन्हा रद्दीत जाईल.

विकायचं असेल तर परवानाधारकालाच. किंमत शिक्क्यावर आणि नावावर लागते, मजकुरावर क्वचितच. एकाच बाडातले कागद सुटे विकू नका.

संस्थेला देणार असाल तर नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. लेखी देणगीपत्र करा. त्यात हे मुद्दे घाला : कागदांची संख्या आणि फोटो, बाड एकत्र ठेवलं जाईल, तुम्हाला स्कॅन प्रत मिळेल, अभ्यासकांना ते पाहता येईल, नोंदवहीत देणगीदाराचं नाव आणि सापडल्याचं ठिकाण लिहिलं जाईल. दाखल क्रमांक हातात पडल्याशिवाय पोच पूर्ण समजू नका. सहा महिन्यांनी एक पत्र टाकून कागद कुठल्या रुमालात लावला ते विचारा. मूळ द्यायला मन धजत नसेल तर स्कॅन आणि लिप्यंतर द्या. बहुतेक संस्था तेही आनंदानं घेतात, आणि मिरजेत किंवा पुण्यात दुसऱ्या कुणाच्या बाडात त्याच पत्राचं उत्तर असेल, तर ते जुळवणाऱ्याला तेवढं पुरतं.